नळाची धार बारीक झाली तर

एका रविवारी आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी धुऊन झाली आणि सोमवारी सकाळी बाथरूममधली वीस लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं लागली. एरवी ती दोन-सव्वादोन मिनिटांत भरते. समोरच्या काकांचं निदान तयारच होतं: "प्रेशर पंप बसवून घ्या, मी तर कधीपासून सांगतोय." त्यांच्या ओळखीचा माणूसही होता. संध्याकाळी मी नळाच्या तोंडाची जाळी काढली, तर आत चिमूटभर वाळू, सिमेंटचे दोन-चार कण आणि निळ्या प्लॅस्टिकचं एक सालपट. जाळी धुतली, परत बसवली, बादली पुन्हा दोन मिनिटांत भरली.

दर वेळी इतक्या स्वस्तात सुटत नाही. पण क्रम हाच ठेवायचा: नळाच्या तोंडापासून सुरुवात करून एकेक पायरी मागे, टाकीच्या दिशेने जायचं. बहुतेक जण उलटं करतात. आधी टाकीवर, मग पाइपलाइनवर संशय घेतात आणि शेवटी नळाकडे बघतात. तोवर पाच-दहा हजार गेलेले असतात.

आधी बादली आणि घड्याळ

"धार कमी झालीय" एवढ्यावरून प्लंबरलाही काही कळत नाही आणि आपल्यालाही. म्हणून मोजा. बादली किती लिटरची हे माहीत नसेल तर लिटरच्या बाटलीने एकदा भरून खूण करून ठेवा. नळ पूर्ण सोडा आणि वेळ लावा. वीस लिटर दोन मिनिटांत, म्हणजे मिनिटाला दहा लिटर, हे बादलीच्या नळाला छान झालं. चार मिनिटं लागली तरी घर चालतं. सहाच्या पुढे गेलं की सकाळी बाथरूमच्या दारावर थापा सुरू होतात.

मोजताना घरातले बाकीचे नळ आणि वॉशिंग मशीन बंद असू द्या. शक्यतो टाकी भरलेली असतानाच मोजा आणि आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजल्याशिवाय खरंच फरक पडला का हे समजत नाही. मनाला फरक नेहमीच जाणवतो, विशेषतः पैसे दिल्यावर.

घरभर फिरून चार गोष्टी बघा

पहिली गोष्ट, धार फक्त याच नळाची बारीक आहे की सगळ्या घराची? स्वयंपाकघरातला नळ सोडून बघा, बेसिनचा बघा. एकच नळ मंद असेल तर दोष त्या नळात किंवा त्याच्या हातभर मागे आहे. एका बाथरूममधले सगळेच मंद असतील तर त्या बाथरूमच्या कॉकपाशी. सगळं घर मंद असेल तर गच्चीकडे बघायचं, आणि तेव्हा वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका.

दुसरी, गार पाणी मंद आहे की गरम? फक्त गरम मंद असेल तर गीझरची बाजू. त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण आपल्याकडे निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात असा माझा अनुभव आहे.

तिसरी, हे एका रात्रीत झालं की हळूहळू? एका रात्रीत झालं असेल तर कचरा अडकलाय, कुणीतरी कॉक अर्धवट बंद केलाय किंवा पाइपात हवा भरलीय. टाकी धुतल्यावर, सोसायटीत प्लंबिंगचं काम झाल्यावर किंवा टाकी एकदा पूर्ण रिकामी होऊन भरल्यावर हे हमखास होतं. वर्ष-दोन वर्षांत होत होत कमी झालं असेल तर क्षार साचलेत, किंवा जुने लोखंडी पाइप आतून गंजलेत.

चौथी परीक्षा मला सगळ्यात आवडते. मंद नळ पूर्ण सोडा. मग त्याच बाथरूममधला दुसरा नळ सोडा. पहिल्याची धार जवळपास तेवढीच राहिली, तर अडथळा पहिल्या नळातच आहे. दुसरा सोडताच पहिला अगदीच मेला, तर अडथळा दोघांच्या सामाईक लाइनीत आहे. याच जातीची आणखी एक खूण: नळ उघडल्यावर पहिले एक-दोन सेकंद पाणी जोरात येतं आणि मग धार बसते. म्हणजे मागे जोर आहे, पण पाणी येण्याची वाट कुठेतरी चिंचोळी झाली आहे.

जोर येतो कुठून

फ्लॅटमध्ये किंवा गच्चीवर टाकी असलेल्या बंगल्यात नळाला जोर मिळतो तो निव्वळ उंचीमुळे. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं. प्लंबर 'किलो' म्हणतात तेव्हा त्यांना दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणायचं असतं. एक मजला तीन मीटरचा धरला तर दर मजल्याला पाव किलोहून थोडं जास्त. पाच मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर दीड किलोच्या आसपास जोर असतो आणि पाचव्यावर, टाकी गच्चीवर विटांच्या ओट्यावर ठेवली असेल, तर बादलीच्या नळाला जेमतेम पाव किलो. शॉवर त्याहून वर, जमिनीपासून दोन मीटरवर असतो. त्याच्या वाट्याला पाव किलोही येत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर बादली बरी भरते पण शॉवर ठिबकतो, त्याचं कारण हे. तिथे बिघाड काहीच नसतो.

म्हणून सगळ्यात वर राहणाऱ्यांनी आधी ठरवावं, धार पूर्वी चांगली होती आणि आता बिघडली, की घर घेतलं तेव्हापासूनच अशी आहे? पहिलं असेल तर खालच्या पायऱ्या. दुसरं असेल तर लेखाच्या शेवटाकडे जा.

हत्यारं

एक स्क्रू पाना, पक्कड, दोन्ही तोंडांचा स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, शिवणाची सुई, टेफ्लॉन टेप, थोडं व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. आणि एक फडकं, जे मोरीच्या जाळीवर पसरायचं. बारका स्क्रू मोरीत गेला की तो गेला. हे सगळं रविवारी रात्री सुरू करू नका. नेमका वायसर तुटतो आणि हार्डवेअरची दुकानं सोमवारी सकाळी उघडतात.

पायरी पहिली: नळाचं तोंड

नळाच्या टोकाला बारीक जाळी असेल तर तिला दुकानात एरेटर किंवा फोम फ्लो म्हणतात. पाण्यात हवा मिसळून धार फेसाळ करण्यासाठी ती असते. नळाकडे खालून बघत हाताने फिरवा. हाताने सुटली नाही तर फडकं गुंडाळून पकडीने हलकेच. फडकं नसेल तर क्रोमवर दात उमटतात आणि ते जन्मभर दिसतात.

आतले भाग कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. चाळणी, प्लॅस्टिकची चकती, रबरी वायसर असे तीन-चार थर असतात आणि उलटे बसले की पाणी चहूबाजूंनी उडतं. माती असेल तर ब्रशने जाते. पांढरट कडक थर असेल तर अर्ध्या वाटी पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व किंवा सरळ व्हिनेगर घेऊन त्यात तासभर बुडवा, मग घासा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड वापरू नका. त्याने क्रोम उडतो. आणि तेच ॲसिड ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळलं तर बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू तयार होतो, ही गंमत नाही.

जाळी काढलेली असतानाच नळ सोडून बादलीची वेळ लावा. धार परत आली तर दोष सापडला, इथेच थांबा. बादलीच्या नळाला खरं तर जाळीची गरजच नसते. मी दुसऱ्या बाथरूममध्ये ती काढूनच टाकली आहे. बेसिनला मात्र असू द्या, पाणी वाचतं.

एक गोष्ट नजरेतून निसटते. काही जाळ्या मुद्दामच पाणी कमी सोडणाऱ्या असतात. बेंगळुरूत मार्च २०२४ च्या टंचाईत तिथल्या जलमंडळाने व्यापारी ठिकाणी आणि अपार्टमेंटमध्ये नळांना एरेटर सक्तीचे केले होते, आणि आपल्याकडेही काही सोसायट्या ते वाटतात. मिनिटाला तीन लिटर सोडणारी जाळी बादलीच्या नळाला लावली, तर वीस लिटरला पावणेसात मिनिटं लागणारच. जाळीच्या कडेला आकडा कोरलेला असतो, तो वाचा.

शॉवरचंही असंच. तो फिरवून काढा, भोकं सुईने मोकळी करा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. रबरी टोकांचा असेल तर नुसत्या अंगठ्याने चोळला तरी क्षार भुकटी होऊन पडतात.

पायरी दुसरी: नळाच्या पोटात

इथून पुढे पाणी बंद करावं लागेल. बेसिनखाली अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायची छोटी तोटी असते, पण बादलीचा नळ आणि वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) थेट भिंतीतून आलेले असतात. त्यांचं पाणी बाथरूमच्या भिंतीत, बहुधा डोक्याच्या उंचीवर असलेल्या कन्सील्ड कॉकने बंद होतं. तो उजवीकडे फिरवा. नंतर मंद नळ सोडून पाणी खरंच थांबलं का बघा. थांबलं नसेल तर पाना हातात घेऊ नका.

नळ दोन प्रकारचे. एक जुना, चार-पाच वेढे फिरवायचा. त्यात स्पिंडलच्या, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या दांड्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. हा वायसर फुगतो किंवा निखळून भोकावर बसून राहतो. नळ फिरवताना चावी ढिली वाटते आणि पाणी मात्र सुतासारखं येतं, तेव्हा हेच झालेलं असतं. वरची टोपी आणि स्क्रू काढा, पान्याने स्पिंडल सोडवा, वायसर बदला. वायसर क्षुल्लक किमतीला मिळतो, पण जुना नमुना दुकानात घेऊन जा. अंदाजाने आणलेला कधीच बसत नाही.

दुसरा नवा, पाव वेढ्यात उघडणारा. त्याच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात आणि त्यांची भोकं समोरासमोर आली की पाणी येतं. त्यात वाळूचा कण अडकला किंवा क्षार साचले की वाट अरुंद होते. स्पिंडल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा. चकत्या सुईने खरवडू नका, एक ओरखडा आला की नळ कायमचा ठिबकणार. सुधारलं नाही तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा स्पिंडल आणावा.

वॉल मिक्सर असेल तर आणखी दोन जागा बघा. भिंतीतून आलेल्या दोन लेगना (आखूड जोडनळ्यांना) मिक्सर जिथे नटने जोडलेला असतो, तिथे बऱ्याचदा जाळीचे वायसर असतात. दोन्ही नट सोडले की मिक्सर हातात येतो आणि त्या जाळ्यांत काय काय अडकलंय ते दिसतं. दुसरी जागा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा भाग. बादलीचा नळ सोडला असताना वरून शॉवरही ठिबकत असेल, तर पाणी दोन वाटांनी जातंय आणि डायव्हर्टर अर्ध्यात अडकला आहे.

परत जोडताना टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. फार जोर लावू नका. भिंतीतलं सीपीव्हीसीचं (प्लॅस्टिकचं) फिटिंग तडकलं तर फरशी फोडावी लागते, आणि तेव्हा बादलीला लागणारी नऊ मिनिटं फार गोड वाटतील.

गरम पाणीच मंद असेल तर

खडकवासल्यासारख्या धरणाचं पाणी तसं मऊ असतं. बोअरचं आणि टँकरचं, आपल्या काळ्या खडकातून आलेलं पाणी मात्र बहुधा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी गार असताना क्षार विरघळलेले राहतात. तापवलं की त्यातला कॅल्शियमचा भाग चुनखडीसारखा बाहेर पडतो आणि गीझरच्या टाकीत, नळीत, मिक्सरच्या गरम बाजूला चिकटतो. म्हणून गरम बाजू आधी बुजते.

काहीही करण्याआधी गीझरचा मेन स्विच बंद करा. नुसतं बटण नाही, एमसीबी खाली पाडा आणि पाणी गार होऊ द्या. मग एवढंच बघा: गीझरखालचे दोन्ही अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का? पाणी तापलेलं टिकावं म्हणून कुणीतरी आत जाणाऱ्या पाण्याचा कॉक अर्धा बंद करून ठेवतं, हे मी तीन घरांत पाहिलंय. दोन्ही लवचीक कनेक्शन पाइप कुठे मोडले-दुमडलेत का? पाइप काढायचाच असेल तर आत जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, बादली खाली धरा, आणि पाइपातून आरपार उजेड दिसतो का बघा.

गार पाणी आत जातं तिथे गीझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो पाणी मागे जाऊ देत नाही आणि आत दाब वाढला तर थोडं पाणी सोडून देतो. त्यात क्षार साचूनही धार मंदावते. यावर काही कारागीर सरळ तो काढून टाकतात आणि धार लगेच वाढते, घरमालक खूश होतो. कृपा करून हे करू देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर त्या बंद टाकीला दाब सोडायला तेवढीच जागा असते. व्हॉल्व्ह बदलून घ्या आणि टाकीतले क्षार काढायचं काम गीझरच्या माणसाकडूनच करून घ्या.

पायरी तिसरी: कॉक, व्हॉल्व्ह आणि हवा

सगळं बाथरूम मंद असेल तर कन्सील्ड कॉक डावीकडे पूर्ण उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक कुरकुरतो, हळू हळू चार-पाच वेळा उघड-बंद करा.

सगळं घर मंद असेल तर वॉचमनला किंवा सेक्रेटरींना सांगून गच्चीवर जा. टाकीतून निघालेल्या प्रत्येक लाइनीवर एक व्हॉल्व्ह असतो. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. जुन्या चाकाच्या गेट व्हॉल्व्हमध्ये एक फसवा दोष असतो: चाक फिरतं, वरची दांडी फिरते, पण आतला पितळी पडदा दांडीपासून सुटून खालीच अडकलेला असतो. बाहेरून व्हॉल्व्ह उघडा दिसतो आणि आत तो तीन-चतुर्थांश बंद असतो. संशय आला तर तो व्हॉल्व्ह बदलणं हाच उपाय. उंच इमारतीत मधल्या मजल्यांना दाब कमी करणारा पीआरव्ही लावलेला असतो. एकाच टप्प्यातल्या तीन-चार मजल्यांची तक्रार एकदम आली तर तो अडकलाय असं समजा.

आता हवेचं. टाकी रिकामी होऊन परत भरली की लाइनीच्या एखाद्या उंचवट्यावर हवेचा फुगा बसतो आणि पाण्याला अडवतो. नळ आधी फुसफुसतो, थुंकतो, मग करंगळीएवढी धार येते. घरातले सगळे नळ एकदम पूर्ण सोडून पाच-दहा मिनिटं ठेवा, सगळ्यात खालचा आधी. बऱ्याचदा धडधड होऊन हवा निघून जाते. वारंवार होत असेल तर गच्चीवर बघा. टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाला एक उभी, वर उघडी नळी हवी, टाकीच्या पाण्यापेक्षा उंच. हवा जायची वाट तीच. ती नसतेच, किंवा पालापाचोळा जाऊ नये म्हणून कुणा शहाण्याने तिला टोपण घट्ट बसवलेलं असतं.

पाइपच बुजला असेल तर

१९९० च्या आधीच्या बहुतेक इमारतींत लोखंडी जीआय पाइप आहेत. आतून गंज आणि क्षार मिळून अर्ध्या इंची पाइपाचं भोक पेन्सिलएवढं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी पहिलं पाणी तांबूस येणं ही त्याची खूण. ॲसिड सोडून पाइप साफ करून देतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणा, गंजच पाइपाला धरून असतो आणि तो गेला की पाइप गळायला लागतो. लाइन बदलावी लागेल. बदलताना बाथरूमपर्यंत पाऊण इंच आणि फक्त नळापुरती अर्धा इंच घाला. पाऊण इंची पाइपाचं क्षेत्रफळ अर्ध्या इंचाच्या सव्वादोन पट असतं.

पंप, पण सगळ्यात शेवटी

वरच्या मजल्यावर उंचीच कमी असेल तर तीन वाटा आहेत. कमी दाबावर चालणारा शॉवर घेणं, ही स्वस्त वाट. टाकी उंच करणं ही दिसायला सोपी, पण मीटरभर उचलली तर मिळतो फक्त एक-दशांश किलो, आणि हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय नाही. तिसरी वाट प्रेशर पंप. तो गच्चीवर, टाकीतून फक्त आपल्या घराला येणाऱ्या लाइनीवर, सोसायटीच्या लेखी परवानगीने. नळ उघडला की आपोआप चालू होणारा घ्या आणि वीज गेली तरी पाणी यावं म्हणून बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारी लाइन ठेवायला सांगा. जुन्या लोखंडी लाइनीवर पंप लावाल तर सांधे गळतील.

महापालिकेच्या लाइनीला थेट मोटर मात्र लावायची नाही. ते बेकायदा आहे, मोटर जप्त होते, शेजाऱ्यांचं पाणी पळतं. आणि ओढ लागली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी तुमच्याच नळात येतं. बैठ्या घराला पालिकेचं पाणीच मंद येत असेल तर अर्ज करा. पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत एकमजली घरासाठी लाइनीत किमान सात मीटरचा दाब धरलेला होता, दुमजलीला बारा, तीन मजल्यांना सतरा. अर्जात बादलीची वेळ आणि तारीख लिहा.

प्लंबरला बोलावलंत तर "प्रेशर येत नाही" म्हणू नका. असं सांगा: "वीस लिटरला सहा मिनिटं, फक्त गार, फक्त या बाथरूममध्ये, टाकी धुतल्यापासून, जाळी मी साफ केलीय." तो नेमका पाना घेऊन येतो आणि पंपाचा विषय काढत नाही.